खालच्या तेवीस ओळी

मजकूर एका ओळीचा, 'पाचशे वॉशर उद्या पाठवतो', आणि त्याच्याखाली सूचना तेवीस ओळींची. यशोधरा भिंगारदिवेला रोज सकाळी त्या तेवीस ओळी दिसल्या की 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण आठवायची. पण त्या म्हणीतलं तेल निदान नमनाला तरी लागतं. इथं नाटक संपून लोक घरी गेल्यावर ओतत होते.

नगरच्या एमआयडीसीत पत्र्याचे भाग ठोकून काढणारी 'कळसाई प्रेसिंग' नावाची कंपनी होती. तिथं यशोधरा कॉम्प्युटरवर बसायची. अठ्ठ्याण्णव साली कंपनीत ईमेल आली. एक कॉम्प्युटर, एक फोनची लाईन आणि सगळ्या कंपनीत मिळून ईमेलचा एकच पत्ता. सुरुवातीचे सहा महिने बरे गेले. मग खरेदी खात्याच्या कल्याणरावांना जेवणाच्या सुट्टीत आपल्या भाचीच्या लग्नाची आठवण झाली. भाचीची माहिती पाठवायची होती मुंबईच्या मित्राला, ती गेली पुण्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला, तीही कोटेशनच्या जागी. उंची पाच फूट दोन, वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ. तिकडून तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'सोबत ड्रॉइंग जोडलेले नाही, कृपया पाठवावे.'

सगळी कंपनी आठ दिवस हसली. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी पुण्याचा वकील गाठला, आणि वकिलाने त्या तेवीस ओळी लिहून दिल्या. हा संदेश गोपनीय आहे. ज्याच्या नावे आहे त्याखेरीज कोणीही वाचू नये, नक्कल करू नये, दुसऱ्यास सांगू नये. चुकून हाती आल्यास तत्काळ नष्ट करावा. यातील मते लिहिणाऱ्याची वैयक्तिक असून ती कंपनीची असतीलच असे नाही. यातून उद्भवणाऱ्या कोणत्याही परिणामास कंपनी जबाबदार राहणार नाही. एवढंच सांगायचं होतं, पण वकिलाने ते इतके फाटे फोडून सांगितलं की शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेला माणूस पहिली ओळ विसरायचा. कल्याणराव मालकांचे साडू, म्हणून त्यांना कुणी बोललं नाही. नियम झाले ते यशोधरेसाठी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

प्रशासनाचे मॅनेजर काकासाहेब म्हस्के यांनी तर सूचना अशी मनावर घेतली की ईमेलच काय, कंपनीतून निघणाऱ्या प्रत्येक कागदाखाली ती छापायचा हुकूम काढला. रजेच्या मंजुरीखाली, कॅन्टीनच्या नोटिशीखाली, दसऱ्याच्या पूजेच्या आमंत्रणाखालीसुद्धा. आलेली ईमेल ऑपरेटरने वाचायची नाही, असंही ठरलं. कॉम्प्युटरचा पडदा बंद ठेवून ती छापायची, छापली की ती आतून आपोआप पुसली जायची, आणि कागद उलटा धरून आवक-जावकच्या टेबलावर द्यायचा. तिथं भिमाजीतात्यांनी फक्त पहिली ओळ बघायची, नाव असेल त्याच्या पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं आणि रजिस्टरला नोंद करायची. ऑपरेटरने ईमेल वाचल्याचं आढळल्यास नोकरी संपली.

आता डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचं म्हणजे एकेक ओळ किर्रकिर्र करत डोळ्यांसमोर येते. समोर बसलेल्या माणसाने काय डोळ्यांना पट्टी बांधायची? यशोधरा सगळं वाचायची. तिने वाचलं हे तात्यांना माहीत होतं, म्हस्क्यांनाही माहीत असावं. न वाचल्याचं तोंड करून बसायचं, हेच तिचं खरं काम झालं होतं.

भिमाजीतात्या हा दुसरा ताप. माणूस सज्जन, पण कोर्टात एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेला. कागदावर जे लिहिलंय ते तात्यांना वेदवाक्य. अलीकडे बाहेरून येणाऱ्या ईमेलखालीही तसल्याच सूचना यायला लागल्या होत्या, साथ यावी तशा. तात्या त्या तंतोतंत पाळायचे. एखाद्या ईमेलवर नावच नसलं, नुसतं 'सर' असलं, तर तात्या तिचे चार तुकडे करून तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकत आणि रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने लिहीत, 'नष्ट'. शनिवारी गेटाजवळ डबा पेटवायचे.

"अहो तात्या, ती आपल्याच कंपनीला आलेली असते ना!" यशोधरा कितीदा तरी कळवळून म्हणाली होती.

"कंपनीला आली आसंल. पन कंपनीत सर किती हायेत? तीन. त्यातल्या कुठल्या सराला? त्यात लिवलंय का?" तात्या चष्मा पुसत म्हणायचे. "बाई, ज्याच्या नावचं न्हाई त्यानं नष्ट करावं. हे मी न्हाई म्हनत, खाली लिवलंय."

यशोधरा कपाळावर हात मारून गप्प बसायची, आणि गप्प बसायला कारण होतं. दीड वर्षात तिला सहा-सहा महिन्यांच्या तीन ऑर्डरी मिळाल्या होत्या. दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नव्याने घ्यायचं, म्हणजे कायम करायला नको. या वेळी मात्र तिची कायम करण्याची फाईल म्हस्क्यांच्या टेबलावर गेली होती. शुक्रवारी सही व्हायची होती. कर्जतला वडील कोंडीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, आमची यशोधरा या महिन्यात कायम होतीय. तीन पिढ्यांत घरात कायम असं काही झालं नव्हतं. शुक्रवारपर्यंत तोंडाला कुलूप घालायचं, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

आणि बुधवारी सकाळी अकरा वाजता ती ईमेल आली.

पडदा बंद होता. प्रिंटर किर्रकिर्र करायला लागला. ज्या कारखान्याने दोन महिन्यांपूर्वी कंपनीला नवा प्रेस विकला होता, त्यांच्याकडून ती आली होती. सुरुवात 'डिअर सर'. पुढे लिहिलं होतं की त्या महिन्यात विकलेल्या प्रेसमध्ये क्लचच्या आत जी 'की' नावाची पोलादी खुंटी बसवली आहे तिच्या मालात दोष सापडला आहे. ही 'की' तुटली तर पायाने दाबायचा पायटा न दाबताही प्रेस आपोआप खाली येऊ शकतो. आमचा फिटर येऊन ती बदलेपर्यंत मशीन कृपया चालवू नये. त्याखाली त्यांची स्वतःची सूचना होती, अठरा ओळींची.

यशोधरेने शेवटपर्यंत वाचलं. तरी तिने कागद नियमाप्रमाणे उलटा धरला, तात्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तात्या, ही मात्र फाडू नका."

"का बरं?"

"मला काय माहीत? मी वाचली नाही." हे बोलताना तिची तिलाच चीड आली. "पण फाडू नका."

तात्यांनी पहिली ओळ बघितली. "सर! पुना सर! ह्या लोकांना नाव लिवायला काय जड जातं कुनास ठाऊक." आणि तिच्या डोळ्यांदेखत चार तुकडे केले. तुकडे डब्यात आणि रजिस्टरला तांबडी शाई.

ती तडक म्हस्क्यांच्या केबिनमध्ये गेली. प्रॉडक्शनचे साहेब पुण्याला गेले होते, उद्या येणार होते.

"साहेब, एक ईमेल आलीय. फार तातडीची आहे. तुम्ही बघायला पाहिजे."

म्हस्क्यांनी फाईलवरून मान वर केली. "माझ्या नावे आहे?"

"नाही. नाव नाहीये."

"मग मी कशी बघू?"

"साहेब, नव्या प्रेसबद्दल..."

"थांबा!" म्हस्क्यांनी खरोखरच दोन्ही हात वर केले. "पुढं बोलू नका. तातडीची आहे हे तुम्हाला कसं कळलं, हे मी विचारत नाही. विचारलं तर मला लिहावं लागेल. आणि मला तुम्ही काही सांगितलं तर मला ते कळलं असं होईल. कळलं की जबाबदारी माझ्यावर. उद्या प्रॉडक्शनवाले आले की त्यांचं ते बघतील." मग आवाज उतरवून, अगदी बापाच्या मायेने म्हणाले, "मॅडम, परवा तुमची सही आहे. नसती उठाठेव कशाला करता?"

ती आपल्या खुर्चीवर येऊन बसली. तिला भयंकर संताप आला होता. हा माणूस ऐकायलाही तयार नाही! कानावर हात ठेवणारे पुष्कळ बघितले होते, पण कान असल्याचाच इन्कार करणारा पहिलाच. पण त्या संतापाखाली दुसरंही काही होतं, आणि ते तिला नीट ठाऊक होतं. परवा शुक्रवार होता. ती 'की' तुटेलच असं थोडंच आहे? तुटू शकते, एवढंच तर लिहिलंय. दोन महिने चाललाच की प्रेस. अजून एक दिवस काय व्हायचंय? तिने वॉशरचं पत्र टाइप केलं, खाली तेवीस ओळी लावल्या. मग दुसरं पत्र टाइप केलं.

साडेबाराला जेवणाची सुट्टी संपत आली तेव्हा आवक-जावकच्या खिडकीत सहादेव आला. प्रेसवरचा कामगार, सव्वीस वर्षांचा, पाथर्डीकडचा. आई रंगुबाई दर हंगामात टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. तिची पत्रं कंपनीच्या पत्त्यावर यायची, आणि सहादेव दर बुधवारी खिडकीशी यायचा.

"तात्या, पत्र आलं का आमचं?"

"न्हाई आलं. आलं म्हंजी मी काय खानार हाय का?"

"तसं न्हवं. लई दिस झालं." तो यशोधरेकडे बघून हसला. "ताई, आई दर पत्रात येकच लिवून घेती. कोयत्यानं बापाची दोन बोटं गेली, तू मशिनीवर हायेस, हात जपून चालीव."

यशोधरेला विचारायचं नव्हतं. तरी तिने विचारलं, "कितव्या प्रेसवर आहेस रे?"

"तीन नंबर. नवा हाय ना, त्यो. लई गोड चालतोय."

भोंगा झाला. सहादेव हात हलवून गेला.

यशोधरा उठली. तात्यांच्या टेबलाखालचा तुपाचा डबा तिने ओढला आणि हात घालून चार तुकडे शोधायला लागली. तात्या बघत होते. ते खुर्ची भिंतीकडे वळवून म्हणाले, "मी काय बघितलं न्हाई."

"बघू नका!" ती ओरडली. "कुणीच काही बघू नका! आंधळ्यांची शाळा काढलीय सगळ्यांनी!"

ती शॉपमध्ये धावत गेली. तीन नंबरचं मोठं चाक फिरत होतं. सहादेव पत्रा आत सरकवायचा, पायटा दाबायचा, प्रेस खाली आपटून वर जायचा, तो भाग काढायचा. प्रत्येक वेळी दोन्ही हात मनगटापर्यंत आत. तिने भिंतीवरचा मुख्य स्विच खाली ओढला. पण स्विच पाडला तरी ते चाक लगेच थांबत नसतं, हे तिला एवढ्या दिवसांत ऐकून माहीत होतं. "सहादेव, हात बाहेर! मशिनला हात लावू नको!"

सगळी लाईन थांबली. फोरमन कानिफनाथ लाल होऊन आला. "बाई, कुनाच्या हुकमानं बंद केलं?"

तिने तुकडे बाकावर मांडले, जुळवले आणि मोठ्याने वाचून दाखवले. इंग्रजीतलं मराठीत सांगितलं. कानिफनाथची नजर खालच्या सूचनेवर गेली तशी ती म्हणाली, "ते सोडा, ते खाली नेहमीचंच आहे."

कानिफनाथ तापट होता, पण त्याची उभी हयात प्रेसवर गेली होती. त्याने सगळ्यांना चार पावलं मागे सारलं. मशीन रिकामी चालू केली आणि लांबून पहारीच्या टोकाने पायटा दाबून सोडला. प्रेस खाली आला, वर गेला, थांबला. पुन्हा तेच. पंधरा-वीस वेळा तेच. कल्याणराव खरेदीतून मजा बघायला आले होते, ते म्हणाले, "उगाच बोभाटा." कानिफनाथने पुन्हा पायटा दाबला आणि पहार बाजूला घेतली. प्रेस खाली आला, वर गेला. आणि पायट्यावर काही नसताना, जिथं एरवी सहादेवचे हात असायचे तिथं, धाडदिशी पुन्हा खाली आला.

कुणी बोललं नाही. सहादेव आपल्या हातांकडे बघत खाली बसला.

गुरुवारी सकाळी म्हस्क्यांनी यशोधरेला मेमो टाइप करायला बोलावलं. मेमो तिलाच द्यायचा होता, पण कंपनीत टाइप करणारी तीच. त्यांनी तोंडी सांगितला, तिने उतरवून घेतला. आपण आपल्या नावे नसलेला संदेश वाचला, त्यातील मजकूर इतरांस सांगितला, अधिकार नसताना उत्पादन बंद पाडले, या तिन्ही बाबतीत आपणावर कारवाई का करू नये याचा खुलासा चोवीस तासांत करावा.

"साहेब, प्रेस दुसऱ्यांदा खाली आला ते तुम्हाला कळलं ना?"

"माझ्या नावे तसा लेखी रिपोर्ट नाही अजून." म्हस्के तिच्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या हातात काय आहे, मॅडम? नियम आहे. मेमोखाली सूचना लावायला विसरू नका."

तिने लावली. म्हस्क्यांनी सही केली. तात्यांनी जावक नंबर घातला आणि तिचा मेमो तिला दिला. दात-ओठ खाऊन टाइप करताना जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. यातील मते लिहिणाऱ्याची वैयक्तिक असून ती कंपनीची असतीलच असे नाही. परिणामास कंपनी जबाबदार राहणार नाही. म्हणजे ह्या मेमोलासुद्धा कुणी बाप नव्हता! तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ह्या पोरक्या कागदाला ती घाबरली होती. त्यापायी काल सहादेवचे हात तिने पणाला लावले होते.

खुलासा तिने हाताने लिहिला. तो असा होता:

'मी संदेश वाचला. इतरांना सांगितला. मशीन बंद केली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक चौथी गोष्ट मेमोत नाही, ती मी लिहिते. संदेश मी अकरा वाजता वाचला आणि मशीन पावणेएकला बंद केली. मधला काही वेळ मी सांगायचा प्रयत्न करत होते, आणि बाकीचा वेळ माझ्या कायम होण्याचा विचार करत होते. त्या वेळात काही झालं असतं तर त्याला मी जबाबदार होते. खुलाशाखाली सूचना लावलेली नाही. चुकून राहिलेली नाही. यातील मते माझी आहेत आणि परिणामास मी जबाबदार आहे. यशोधरा कोंडीराम भिंगारदिवे.'

तात्यांनी तो आवकला घेताना दोनदा वाचला. फक्त पहिली ओळ वाचायचा नियम त्यांच्या लक्षात राहिला नाही.

म्हस्के म्हणाले, "ह्याच्याखाली सूचना लावून आणा, नाहीतर मला घेता येत नाही."

"नाही लावणार."

"मग हे सगळं तुमच्यावर येईल."

"तेच लिहिलंय, साहेब."

म्हस्क्यांनी कागद खणात टाकला. कायमच्या फाईलवर शुक्रवारी सही झाली नाही. तिला नोकरीवरूनही काढलं नाही, कारण काढलं असतं तर का काढलं हे कुणाला तरी सहीनिशी लिहावं लागलं असतं. एक दिवस घरी बसवून तिला पुन्हा सहा महिन्यांची ऑर्डर दिली, खाली तेवीस ओळींसकट. कर्जतला वडिलांना काय सांगायचं याचा तिला घोर लागला होता. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या पोराचे हात शाबूत आहेत ना?"

पुढच्या बुधवारी टपालात एक पोस्टकार्ड आलं. उसाच्या फडावरच्या कुणीतरी घाईत लिहिलेलं होतं. पत्त्यावर नाव नव्हतं. 'रंगुबाईचा मुलगा, मशीनवर असतो, प्रेस कंपनी, एमआयडीसी, नगर.'

तात्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. यशोधरा टाइप करायची थांबली. मशीनवर असणारे कंपनीत बावीस जण होते, आणि कार्डावर नाव एकाचंही नव्हतं. डबा टेबलाखाली होता आणि तांबडी शाई टेबलावर.

तात्या उठले, गुडघे धरत शॉपच्या दारापर्यंत गेले आणि नोकरीत कधी लावला नव्हता तेवढा आवाज लावला. "सहादेव! अरे ए सहादेव! तुझ्या आईचं पत्र हाय!"

तो पळत आला. तात्यांनी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'मिळाले' लिहिलं होतं. सहादेवने पेन घेतलं, पाची बोटांत घट्ट धरलं आणि सावकाश, जीभ दातांत चावून, उजव्या हाताने सही केली.